ॲनिमेशन लघुपटांतील बोधचिन्हे आणि नाममुद्रांचा उपहास

ॲनिमेशन लघुपटांतील बोधचिन्हे आणि नाममुद्रांचा उपहास हा चलच्चित्रकलेतील व्यंगाचा एक प्रकार आहे. यात व्यापारी कंपन्यांची बोधचिन्हे, बोधपात्रे, वेष्टने व घोषवाक्ये जाहिरातीच्या मूळ संदर्भातून बाहेर काढली जातात. कथेतील पात्रे, वस्तू किंवा स्थळे म्हणून त्यांचा वापर करून त्या कंपनीविषयी अथवा एकूण ग्राहकसंस्कृतीविषयी भाष्य केले जाते. फ्रान्समधील 'एच५' या चमूचा 'लोगोरामा' (२००९) हा लघुपट या प्रकाराचे सर्वाधिक परिचित उदाहरण होय. भारतात ॲनिमेशन आणि जाहिरात या दोन्ही व्यवसायांचे प्रमुख केंद्र मुंबई हेच राहिले. त्यामुळे येथे बोधपात्रे निर्माण करणारे आणि व्यंगचित्रे काढणारे कलावंत पुष्कळदा एकच होते. नाममुद्रेच्या उपहासाला कायदा कितपत मुभा देतो, या प्रश्नावरील भारतातील महत्त्वाचा निर्णय टाटा समूहाच्या बोधचिन्हाशी संबंधित एका चलच्चित्र-खेळाच्या प्रकरणात २०११ साली झाला.

संज्ञा व व्याप्ती

बोधचिन्ह म्हणजे संस्थेची ओळख पटवणारी आकृती किंवा विशिष्ट वळणात लिहिलेले नाव. ते कायद्यानुसार नोंदले गेले की त्याला व्यापारचिन्हाचे संरक्षण मिळते. नाममुद्रा ही संज्ञा त्याहून व्यापक आहे. नाव, रंग, वेष्टन, घोषवाक्य आणि ग्राहकाच्या मनातील प्रतिमा या सर्वांचा तीत समावेश होतो. बोधपात्र म्हणजे नाममुद्रेच्या वतीने बोलणारी किंवा वावरणारी काल्पनिक व्यक्ती अथवा प्राणी.

विडंबन आणि उपहास यांत भेद केला जातो. विडंबनात एखाद्या चिन्हाची ओळखू येईल अशी नक्कल करून त्याच्या मालकावरच टीका केली जाते. उपहासात ते चिन्ह साधन म्हणून वापरले जाते आणि टीकेचा रोख युद्ध, प्रदूषण, उपभोगवाद अशा व्यापक विषयावर असतो. अनेक लघुपटांत हे दोन्ही हेतू एकत्र आढळतात. न्यायालयीन वादांत मात्र हा भेद महत्त्वाचा ठरतो.

चित्रपटात पैसे घेऊन उत्पादन दाखवणे, म्हणजे प्रायोजित वस्तुदर्शन, हा वेगळा प्रकार आहे. त्यात चिन्हाच्या मालकाची संमती असते. उपहासात ती सहसा घेतलेलीच नसते.

पार्श्वभूमी : मुद्राचित्रे, काडेपेट्या आणि आरंभीचे ॲनिमेशन

छापील व्यापारचिन्हे भारतीय बाजारात रुळली त्या काळात बहुसंख्य ग्राहक निरक्षर होते. कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रे, साबणाची वेष्टने आणि काडेपेटीवरील छाप यांवरून लोक माल ओळखत. वाघ, हत्ती, देवदेवता, सायकल, घड्याळ अशा आकृत्या दुकानात नावाऐवजी उच्चारल्या जात. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवलेला शिळाप्रेस देवदेवतांच्या तैलरंगी छपाईसाठी प्रसिद्ध होता. त्याच्या चित्रांचा उपयोग पुढे जाहिराती व दिनदर्शिका यांतही झाला. काडेपेटी उद्योगात स्वीडिश भांडवलावर १९२३ साली स्थापन झालेल्या 'विमको' या कंपनीचा ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे मोठा कारखाना होता. तमिळनाडूतील शिवकाशी परिसरात लहान उत्पादकांचा व्यवसाय वाढला. खपणाऱ्या छापाची किंचित बदल करून नक्कल करणे ही या बाजारातील जुनीच रीत होती. ती व्यापारी हेतूने होत असे, तिच्यात उपहास नव्हता.

ॲनिमेशनचा काडेपेटीशी आणि जाहिरातीशी आलेला संबंधही तितकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनी 'ब्रायंट अँड मे' या काडेपेटी कंपनीसाठी केलेल्या लघुपटात काड्यांची बाहुली भिंतीवर एक आवाहन लिहिते. त्याचे निर्मितीवर्ष काही अभ्यासक १८९९ मानतात, तर काही ते पहिल्या महायुद्धाच्या काळातले मानतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांची हालचाल दाखवणारा लघुपट केला. भारतात दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट तयार केला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके शिळाछपाई आणि ठसे तयार करण्याच्या व्यवसायात होते व रविवर्मा यांच्या प्रेसशी त्यांचा संबंध आला होता. हा लघुपट आज उपलब्ध नाही. काडी एकेका चौकटीगणिक किंचित हलवून तिचे छायाचित्र घेण्याचे हेच तंत्र पुढे वस्तूंना 'सजीव' करणाऱ्या असंख्य जाहिरातींचा आधार बनले.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हा व्यंगपट प्रदर्शित केला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील पहिल्या पिढीला प्रशिक्षण दिले. या शासकीय विभागाचे लघुपट प्रामुख्याने लोकशिक्षणासाठी असत, त्यामुळे खाजगी नाममुद्रांवरील टीकेला तेथे फारसा वाव नव्हता.

मुंबईतील बोधपात्रे आणि जाहिरात-व्यवसाय

मुंबईत घडलेली काही बोधपात्रे राष्ट्रीय स्तरावर परिचित झाली. एअर इंडियाचा 'महाराजा' १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी साकारला. एशियन पेंट्सचा 'गट्टू' हा हातात रंगाचा डबा व कुंचला घेतलेला खट्याळ मुलगा १९५४ साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला. अमूल लोण्याच्या जाहिरातींतील ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांच्या कामातून आली.

या पात्रांनी उपहासाची दिशाच बदलली. राज्यकर्त्यांवर आणि नोकरशाहीवर वृत्तपत्रातून बोट ठेवणारा व्यंगचित्रकार रंगाच्या कंपनीसाठी बोधपात्र निर्माण करत होता. 'महाराजा' स्वतःच्या राजेशाही थाटाची थट्टा करून तिकिटे विकत होता. अमूलची मुलगी रस्त्यावरील फलकांवरून राजकारण, क्रिकेट आणि चित्रपट यांवर कोट्या करीत होती. टीका करणारा आवाज आणि विक्री करणारा आवाज एकच झाला. उपहासाचा विषय होण्याआधीच नाममुद्रेने उपहासकाची भूमिका आपल्याकडे घेतली, असे या परंपरेचे वर्णन करता येते.

ॲनिमेशन स्टुडिओंची आर्थिक घडीही याला पूरक होती. भारतात लघुपटांना स्वतंत्र बाजारपेठ जवळजवळ नव्हती. कलावंतांचा चरितार्थ जाहिरातपट, दूरचित्रवाणीवरील शीर्षके आणि परदेशी मालिकांची कामे यांवर चालत असे. फिल्म्स डिव्हिजनमधून बाहेर पडलेल्या राम मोहन यांनी १९७२ साली मुंबईत 'राम मोहन बायोग्राफिक्स' हा स्टुडिओ सुरू केला. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या चित्रपटातील ॲनिमेशनचा भाग त्यांचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत संस्थाने एकापाठोपाठ एक कशी गिळंकृत झाली, हे त्यात चेरीच्या फळांच्या रूपकातून दाखवले आहे. कंपनी या संस्थेवरील ॲनिमेशनमधील व्यंगाचे हे ठळक भारतीय उदाहरण मानता येईल. मात्र त्यातील कंपनी इतिहासजमा झालेली होती. पुढील पिढीतील सुरेश एरियत यांच्या कामातही ही दुहेरी वाट दिसते. 'ॲमरॉन' बॅटरीच्या मातीच्या बाहुल्यांच्या जाहिराती त्यांच्या नावावर आहेत, आणि 'फिशरवुमन अँड टुक टुक' हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपटही त्यांचाच आहे.

प्रिंटेड रेनबो

'प्रिंटेड रेनबो' (२००६) हा गीतांजली राव यांचा सुमारे १५ मिनिटांचा लघुपट नाममुद्रांच्या चित्रसृष्टीचा वेगळ्या रीतीने विचार करतो. राव यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत, म्हणजे जाहिरातकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेत झाले. या लघुपटाचे बहुतांश काम त्यांनी एकहाती केले.

शहरातील एका सदनिकेत मांजरासह राहणारी एकाकी वृद्धा ही त्याची नायिका आहे. तिच्याकडे काडेपेट्यांचा संग्रह आहे. तिचे रोजचे जीवन करड्या छटांत रंगवले आहे. ती काडेपेटीवरील चित्रात प्रवेश करते, तेव्हा पडदा गडद रंगांनी भरून जातो. काही पैशांना मिळणाऱ्या वस्तूवरील छाप येथे स्वप्नाचे दार बनतो.

या लघुपटात कोणत्याही कंपनीची खिल्ली उडवलेली नाही. म्हणून काटेकोर अर्थाने तो ब्रँड-उपहासात बसत नाही. तरीही या विषयाच्या चर्चेत तो उपयुक्त ठरतो, कारण व्यापारचिन्ह हे मालकाच्या नोंदवहीत असते तसेच ते वापरणाऱ्याच्या स्मृतीतही असते, ही गोष्ट तो कथेतून दाखवतो. कान चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहात २००६ साली त्याला कोडॅक पुरस्कारासह तीन पुरस्कार मिळाले. तीन वर्षांनी याच विभागातील कोडॅक पुरस्कार 'लोगोरामा'ला मिळाला. एकाच मंचावर गौरवलेले हे दोन लघुपट छापील चिन्हांकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या दृष्टी दाखवतात. एकात चिन्हे एकटेपणावरचा उतारा आहेत, तर दुसऱ्यात चिन्हांखेरीज काहीच उरलेले नाही.

जागतिक उदाहरणे

मिकी माउस इन व्हिएतनाम : ली सॅव्हेज आणि आरेखनकार मिल्टन ग्लेझर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस केलेला हा सुमारे एक मिनिटाचा कृष्णधवल मूकपट आहे. मिकी माउस सैन्यात भरती होतो, बोटीने व्हिएतनामला पोहोचतो आणि उतरताच गोळी लागून मरतो. टीका युद्धावर आहे. डिस्ने कंपनीचे बोधपात्र येथे अमेरिकेच्या भाबडेपणाचे प्रतीक म्हणून येते.

लोगोरामा : फ्रान्स्वा अलो, एर्व्हे द क्रेसी आणि लुदोव्हिक हूप्लँ यांनी दिग्दर्शित केलेला हा १६ मिनिटांचा संगणकनिर्मित लघुपट आहे. त्यात लॉस एंजेलिस शहर अडीच हजारांच्या आसपास बोधचिन्हांनी उभारले आहे. इमारती, वाहने, पक्षी, झाडे आणि माणसे यांपैकी काहीही चिन्हाविना नाही. मिशेलिन टायर कंपनीचे गुबगुबीत बोधपात्र पोलिसाच्या भूमिकेत आहे, तर मॅकडोनाल्ड्सचा विदूषक सशस्त्र गुन्हेगार आहे. पाठलाग, गोळीबार, ओलीस धरलेला मुलगा असा हॉलीवूडच्या मारधाडपटाचा सारा साचा त्यात येतो. शेवटी भूकंप होऊन शहर खनिज तेलाच्या लोंढ्यात बुडते. कंपन्यांची परवानगी घेतलेली नव्हती. मार्च २०१० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन लघुपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. निर्माते निकोला श्मेर्कं यांनी पुरस्कार स्वीकारताना चित्रपटातील 'अनधिकृत प्रायोजकां'चे विनोदाने आभार मानले. २०११ साली त्याला फ्रान्सचा सेझार पुरस्कारही मिळाला.

द स्केअरक्रो : चिपोटले या अमेरिकन उपाहारगृह-साखळीने २०१३ साली औद्योगिक अन्ननिर्मितीवर टीका करणारा हा ॲनिमेशनपट स्वतःच्या प्रसिद्धीसाठी काढला. त्यानंतर 'फनी ऑर डाय' या विनोदी संकेतस्थळाने त्याच दृश्यांवर नवे गीत चढवून चिपोटलेच्या दाव्यांचीच टर उडवली. उपहास हे जाहिरातीचे साधन बनते आणि तीच जाहिरात पुन्हा उपहासाचा विषय बनते, हे चक्र या प्रकरणात स्पष्ट दिसते.

लेगो व शेल : ग्रीनपीस संघटनेने २०१४ साली लेगो ठोकळ्यांनी रचलेले उत्तर ध्रुवीय विश्व खनिज तेलात बुडताना दाखवणारी चित्रफीत प्रसृत केली. शेल या तेल कंपनीचे बोधचिन्ह लेगोच्या खेळण्यांवर छापले जाण्याला तिचा विरोध होता. स्वामित्वहक्काच्या तक्रारीवरून यूट्यूबने ती काढून टाकली आणि नंतर पुन्हा उपलब्ध केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेगोने शेलबरोबरचा करार संपल्यावर नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले.

उपहासाची तंत्रे

ॲनिमेशन हे माध्यम या प्रकाराला विशेष सोयीचे आहे. बोधचिन्ह मुळातच रेषा, रंग आणि आकार यांनी बनलेले असते, त्यामुळे ते पडद्यावर परके वाटत नाही. बोधपात्राला तर जाहिरातीतच चेहरा, आवाज आणि स्वभाव मिळालेला असतो. प्रमुख तंत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

भूमिकांतर : बोधपात्राला त्याच्या जाहिरातीतील स्वभावाच्या उलट भूमिका देणे. हसवणारा विदूषक गुन्हेगार होतो.

शब्दशः अर्थ घेणे : चिन्हातील आकृती खरी मानणे. फुलपाखराचे चिन्ह खरोखर उडू लागते.

परिणामदर्शन : वस्तू वापरल्यानंतरचा कचरा, धूर किंवा तेलगळती त्याच चिन्हासह दाखवणे.

अतिरेक : चिन्हांची संख्या इतकी वाढवणे की त्यांतील एकही वेगळे ओळखण्याची गरज उरू नये. ओळख पटवणे हे चिन्हाचे काम असल्याने या गर्दीत त्याचे मूळ प्रयोजनच नाहीसे होते.

टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस

ओडिशातील धामरा येथे टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संयुक्त भागीदारीतून बंदर उभारले जात होते. हा परिसर ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या गहिरमाथा येथील विणीच्या किनाऱ्यापासून जवळ आहे. हीच कासवे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अंडी घालण्यासाठी येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या घरट्यांचे संरक्षण केले आहे.

धामरा बंदराविरुद्धच्या मोहिमेचा भाग म्हणून ग्रीनपीस इंडियाने २०१० साली आंतरजालावर एक चलच्चित्र-खेळ प्रसिद्ध केला. 'पॅकमॅन' या जुन्या खेळाच्या धर्तीवरील या खेळात कासवाला राक्षसांपासून वाचवायचे होते. राक्षसांशी टाटांचे वर्तुळातील 'टी' हे बोधचिन्ह जोडलेले होते. मुंबईस्थित टाटा सन्सने बदनामी आणि व्यापारचिन्हाचे उल्लंघन झाल्याचा दावा करून दिल्ली उच्च न्यायालयात मनाई हुकूम आणि १० कोटी रुपयांची नुकसानभरपाई मागितली.

२८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. व्यापारचिन्ह टीकेचा विषय म्हणून वापरले म्हणजे त्याचे उल्लंघन झालेच असे नाही, असा या निर्णयाचा आशय होता. अतिशयोक्ती हा विडंबनाचा स्वभाव आहे आणि सार्वजनिक हिताच्या प्रश्नावरील बोचरी टीका केवळ ती बोचते म्हणून सुनावणीपूर्वी थांबवता येणार नाही, हेही त्यातून स्पष्ट झाले. आंतरजालाचा प्रसार मोठा असल्याच्या कारणावरून तेथील अभिव्यक्तीला वेगळी, अधिक कडक कसोटी लावण्याचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही.

हा निर्णय चलच्चित्र-खेळापुरता आणि अंतरिम टप्प्यावरचा असला, तरी ॲनिमेशन लघुपटांच्या संदर्भातही तो महत्त्वाचा मानता येतो. चिन्हाला राक्षसाचे रूप देण्याचे तंत्र दोन्हींत समान आहे.

कायदेशीर चौकट

भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ हा या विषयाचा मुख्य कायदा आहे. कलम २९(४) नुसार नावलौकिक असलेल्या चिन्हाचा व्यापारात योग्य कारणाविना वापर करून त्याच्या लौकिकाला बाधा आणणे हे उल्लंघन ठरते. त्यामुळे वापर व्यापाराच्या ओघात झाला का आणि त्याला योग्य कारण होते का, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. बोधचिन्ह हे कलाकृती म्हणून स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ खालीही संरक्षित असू शकते. त्या कायद्याचे कलम ५२ टीका व समीक्षा यांसाठीच्या न्याय्य वापराला सूट देते. या सर्वांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि अनुच्छेद १९(२) मधील वाजवी निर्बंध यांची चौकट आहे. विडंबनाला नावानिशी सूट देणारी तरतूद व्यापारचिन्ह कायद्यात नाही.

या मुभेची मर्यादा मुंबई उच्च न्यायालयातील एका प्रकरणात दिसली. खोबरेल तेलाच्या एका प्रसिद्ध नाममुद्रेवर टीका करणाऱ्या यूट्यूब चित्रफितीविरुद्ध मॅरिको कंपनीने दावा केला होता. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी ती काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे खंडपीठाने काही मजकूर वगळून ती पुन्हा प्रसिद्ध करण्यास परवानगी दिली. ही चित्रफीत ॲनिमेशनची नव्हती. परंतु स्वतःच्या वाहिनीवरून उत्पन्न मिळवणाऱ्याचे भाष्य व्यापारी समजायचे का, हा तिच्यातून पुढे आलेला प्रश्न आंतरजालावर लघुपट प्रसिद्ध करणाऱ्या स्वतंत्र कलावंतांनाही लागू पडतो.

अन्य देशांत दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००५ साली बिअरच्या नाममुद्रेचे विडंबन करणाऱ्या टी-शर्टच्या विक्रेत्याच्या बाजूने निर्णय दिला. फ्रान्समध्ये एस्सो या तेल कंपनीच्या नावातील अक्षरांऐवजी डॉलरची चिन्हे वापरणाऱ्या ग्रीनपीसलाही न्यायालयाकडून मुभा मिळाली.

मर्यादा आणि आक्षेप

या प्रकारावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की उपहासातही चिन्ह पुन्हा दिसतेच, आणि दिसणे हीच नाममुद्रेची गरज असल्याने टीकाही प्रसिद्धीच ठरते. दुसरा आक्षेप 'लोगोरामा'सारख्या लघुपटांवर आहे. सर्वच चिन्हांना एका पंक्तीत बसवल्यामुळे कोणत्या कंपनीने नेमके काय केले, हा प्रश्न मागे पडतो. धामरा प्रकरणातील खेळ याच्या उलट होता. त्यात एकच चिन्ह, एकच ठिकाण आणि एकच प्राणी होता, आणि खटला झाला तो त्याच्यावरच.

तिसरा आक्षेप सामर्थ्याच्या असमतोलाचा आहे. कंपनी आपले चिन्ह फलक, भिंती, वेष्टने आणि पडदे यांवर पाहणाऱ्याच्या संमतीविना पोहोचवू शकते. त्या चिन्हावर भाष्य करू पाहणाऱ्या कलावंताला मात्र खटल्याचा खर्च आणि पुढील जाहिरातकामे गमावण्याची शक्यता यांचा विचार करावा लागतो. न्यायालयाचा निकाल अनुकूल लागला तरी तो येईपर्यंतचा भार त्यालाच सोसावा लागतो. जाहिरातीवर उदरनिर्वाह असलेल्या व्यवसायात उपहासाची मर्यादा कायद्याच्या कलमांपेक्षा ग्राहक-कंपन्यांशी असलेल्या संबंधांनीही ठरते. मुंबईच्या ॲनिमेशनमध्ये बोधपात्रांची परंपरा समृद्ध असूनही त्यांच्यावरील व्यंग विरळ का आहे, याचे एक स्पष्टीकरण या परिस्थितीत मिळते.